चेलेक्स रेझिन वापरूनही ब्लँकमध्ये प्लाझ्मिड तुटतोय. बफरमधलं लोखंड-तांबं काढायचं तरी कसं?

सुपरकॉइल:

नमस्कार. तांबं आणि अ‍ॅस्कॉर्बेट एकत्र आले की डीएनए कसा तुटतो, यावर माझं काम चालू आहे. प्रयोग साधा आहे. २० मायक्रोलिटरच्या नळीत सुपरकॉइल्ड प्लाझ्मिड (पीळ भरलेला गोलाकार डीएनए), ५० मिलिमोलर फॉस्फेट बफर (पीएच ७.०), अ‍ॅस्कॉर्बेट, थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड आणि १० मायक्रोमोलर कॉपर सल्फेट. अर्ध्या तासाने जेलवर चढवायचं आणि सुपरकॉइल्ड पट्टा किती उरला, त्याच्या वर निक्ड (एक धागा तुटून पीळ सुटलेल्या डीएनएचा) पट्टा किती आला, ते मोजायचं.

अडकलंय ते ब्लँकपाशी. तांबं अजिबात न घातलेल्या नळीतही निक्ड पट्टा चांगला ठळक येतो. फॉस्फेटच्या मिठांमध्येच लोखंडाचे आणि तांब्याचे अंश असतात असं वाचलं, म्हणून चेलेक्स १०० हे धातू पकडणारं रेझिन आणलं, सोडियम रूपातलं, १००–२०० मेशचं. १०० मिली बफरला ५ ग्रॅम रेझिन घालून मॅग्नेटिक स्टररवर रात्रभर ठेवलं, सकाळी रेझिन खाली बसू दिलं आणि वरचा बफर काढून घेतला. ब्लँक किंचित सुधारला, इतकंच. रेझिन दुप्पट घालून पाहिलं, तरी तेच. शिवाय पीएच ८च्या वर गेला, तो आम्ल घालून परत ७वर आणावा लागला.

यापेक्षा एक गोष्ट जास्त बुचकळ्यात टाकणारी आहे. तांबं घातलेली नळी आणि ब्लँक यांत म्हणावा तसा फरकच दिसत नाही. तांब्याने तर धडाधड तुटायला हवा ना?

प्लाझ्मिड टीई बफरमध्ये साठवलेला आहे, प्रत्येक नळीत त्यातला १ मायक्रोलिटर जातो. प्लाझ्मिडच्या सॅम्पलमध्येच थेट रेझिन घालावं का? बॅचऐवजी, म्हणजे बफरमध्ये रेझिन मिसळण्याऐवजी, कॉलम (रेझिन भरलेली नळी) लावला तर जास्त धातू निघतील का? आणि मुख्य म्हणजे, बफर खरंच धातूमुक्त झाला की नाही हे ओळखायचं कसं? आमच्याकडे आयसीपी-एमएस (अंशमात्र धातू मोजणारं यंत्र) हाताशी नाही.

पीसीआरवाला:

आमच्याकडे चेलेक्स रोज लागतं, पण वेगळ्या कामासाठी. रक्ताचा डाग किंवा गालाच्या आतल्या पेशी ५ टक्के चेलेक्सच्या स्लरीत (पाण्यात कालवलेल्या रेझिनमध्ये) घालतो, ५६ अंशांवर ठेवतो आणि मग उकळत्या पाण्यात ८ मिनिटं. ही पद्धत १९९१ पासून न्यायवैद्यक प्रयोगशाळांमध्ये रुळलेली आहे. उकळताना धातूंच्या आयनांमुळे डीएनएचे तुकडे होतात, ते रेझिन टाळतं. त्यामुळे डीएनए असलेल्या सॅम्पलमध्ये थेट रेझिन घालायला हरकत नसावी.

दोन गोष्टी सांभाळा. स्लरी उचलताना ती सतत ढवळत ठेवा आणि टिपचं तोंड रुंद असू द्या, नाहीतर मणी मागे राहतात आणि नुसतं पाणी येतं. आणि वरचा द्रव घेताना एकही मणी सोबत येता कामा नये. आमच्या कामात मणी आला की तो मॅग्नेशियम ओढून घेतो आणि पीसीआर (डीएनएच्या प्रती काढण्याची प्रक्रिया) फसतो.

बाकी, धातूंचाच त्रास असेल तर थोडं ईडीटीए (धातूचे आयन बांधून ठेवणारं रसायन) घालून प्रश्न सुटणार नाही का?

मितधातू:

मणी आणि टिपांबद्दल पीसीआरवाल्यांनी लिहिलंय ते अगदी बरोबर. पण या प्रयोगात ईडीटीए कृपा करून घालू नका. माझ्या मते ते तुमच्या नळीत आधीच आहे आणि सगळा घोळ त्याचाच आहे.

हिशेब मांडून बघा. टीई म्हणजे १० मिलिमोलर ट्रिस आणि १ मिलिमोलर ईडीटीए. २० मायक्रोलिटरमध्ये त्यातलं १ मायक्रोलिटर गेलं की नळीत ५० मायक्रोमोलर ईडीटीए झालं. तांबं तुम्ही घालता १० मायक्रोमोलर. तांब्याच्या एकेका आयनामागे ईडीटीएचे पाच रेणू हजर आहेत. तांबं पडताक्षणी बांधलं जातं, आणि ईडीटीएने धरलेलं तांबं अ‍ॅस्कॉर्बेटला जवळजवळ दाद देत नाही. तुमची तांब्याची नळी ब्लँकसारखी दिसते ती यामुळे.

मग ब्लँक का तुटतो? कारण लोखंडाच्या बाबतीत ईडीटीए बरोबर उलटं वागतं. ते लोखंडाला सहा ठिकाणी धरतं, पण फेरिक (तीन धनभारांच्या) लोखंडाभोवती सातवी जागा शिल्लक राहते आणि तिथे पाण्याचा एक रेणू सैलसर बसलेला असतो. पेरॉक्साइड शिरतं ते तिथूनच. अ‍ॅस्कॉर्बेट फेरिकचं फेरस (दोन धनभारांचं) करत राहतं, फेरस पेरॉक्साइड फोडून हायड्रॉक्सिल रॅडिकल सोडतं, पुन्हा फेरिक होतं, आणि चक्र चालू राहतं. त्यात मोकळं फेरिक लोखंड पीएच ७ला हायड्रॉक्साइड होऊन निष्क्रिय पडलं असतं, त्याला ईडीटीए विरघळलेलं आणि कामावर ठेवतं. लोखंड-ईडीटीए, अ‍ॅस्कॉर्बेट आणि पेरॉक्साइड हेच तिघं टुलियस आणि डोम्ब्रोस्की यांनी १९८६ मध्ये डीएनए मुद्दाम तोडायला वापरले होते, प्रथिन डीएनएवर नेमकं कुठे बसलंय ते शोधण्यासाठी. हायड्रॉक्सिल रॅडिकल फुटप्रिंटिंग म्हणतात ते हेच. तुमच्या ब्लँकमध्ये त्याचीच छोटी आवृत्ती चालू आहे.

लोखंड थंड करायचंच असेल तर डीटीपीए (ईडीटीएसारखंच धातू बांधणारं रसायन) घालतात, ते सातवी जागाही व्यापतं. पण तेही तुमचं तांबं पकडणारच, त्यामुळे तुमच्या प्रयोगात तो रस्ताही बंद. तुम्हाला धातू झाकून चालणार नाही, काढूनच टाकायला हवेत. रेझिनकडे वळलात ते योग्यच केलंत.

आता रेझिनबद्दल सविस्तर लिहिते, कारण इथे लोक बहुतेक वेळा चुकीच्या जागी जोर लावतात. चेलेक्सचे मणी पॉलिस्टायरीनचे असतात आणि त्यांवर इमिनोडायअ‍ॅसिटेटचे गट असतात, म्हणजे साधारण अर्धं ईडीटीए मण्याला टाचलेलं. तांबं सगळ्यांत घट्ट बसतं, शिसं, फेरिक लोखंड, निकेल, जस्त त्याच्या मागोमाग, कॅल्शियम-मॅग्नेशियम बरेच सैल, आणि सोडियम जवळजवळ नाहीच. क्षमता ओल्या रेझिनच्या दर मिलीला ०.४ मिलिइक्विव्हॅलंटच्या आसपास. म्हणजे तुमच्या ५ ग्रॅममध्ये एक-दोन मिलिमोल धातू सहज मावतो. बफरमध्ये १ मायक्रोमोलर लोखंड धरलं, तर १०० मिलीत ते भरतं ०.१ मायक्रोमोल. रेझिन दहा हजार पटींहून जास्त आहे! ते दुप्पट करून काहीच पदरात पडलं नाही याचं नवल नको. अडतं ते दोनच ठिकाणी: धातू मण्यापर्यंत मोकळा पोचतो का, आणि रेझिन काढल्यावर तो परत येतो का.

मोकळा पोचण्याबद्दल आधी. रेझिन आयन पकडतं. ईडीटीएने आधीच धरलेलं लोखंड त्याच्याकडे येत नाही, आणि ईडीटीए स्वतः ऋणभारित असल्याने मण्यांमधून निवांत निघून जातं. त्यामुळे टीईमधल्या प्लाझ्मिडमध्ये रेझिन घालून उपयोग नाही. फॉस्फेट बफरमधलं फेरिक लोखंडही उदासीन पीएचला अर्धवट हायड्रॉक्साइडच्या सूक्ष्म कणांत गेलेलं असतं, ते हळूहळूच सुटतं. म्हणून रात्रभराचा संपर्क लागतो, तो तुम्ही दिलात ते चांगलं झालं.

पीएच का चढतो तेही याच हिशेबात आहे. सोडियम रूपातलं रेझिन पाण्यात घातलं तर पाणी पीएच १०-११पर्यंत जातं, कारण मण्यावरचा नायट्रोजन ७ला आणखी एक प्रोटॉन घ्यायला बसलेला असतो. १०० मिलीत तुमचं फॉस्फेट एकूण ५ मिलिमोल, आणि रेझिन त्यातले एक-दोन मिलिमोल प्रोटॉन गिळणार. बफर टिकेल कसा? त्यावर नंतर आम्ल ओतलं की त्या आम्लातलं लोखंड आत आलं, आणि पीएच बघायला इलेक्ट्रोड बुडवला की त्याआधीच्या सगळ्या द्रावणांचे अंश आले. क्रम उलटा करा. आधी रेझिनची पाण्यात स्लरी करून तिच्यात सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल थेंबाथेंबाने घाला. पीएच ७ दिसेल आणि पाहता पाहता पुन्हा वर सरकेल, कारण प्रोटॉन मण्याच्या आतपर्यंत झिरपायला वेळ लागतो. ते सरकणं पूर्ण थांबेपर्यंत धीर धरा. मग ते पाणी ओतून द्या, अतिशुद्ध पाण्याने रेझिन भरपूर धुवा, आणि आता त्यात बफर घाला. धुण्यात कंजूषी नको: नव्या रेझिनमधून चेलेटिंग गट असलेले तुकडे थोडे थोडे सुटत असतात, ते बफरमध्ये राहिले तर तुम्हाला पुन्हा एक छोटं ईडीटीए मिळालं. शेवटचा पीएच बाजूला काढलेल्या दोन-चार मिलीत बघा आणि ते फेकून द्या.

मॅग्नेटिक स्टरर सोडा. चुंबक आणि तळ यांच्यात मणी भरडले जातात. बाटली उजेडाकडे धरून हलकेच फिरवलीत तर दुधट धुरासारखी रेघ तरंगताना दिसेल. तो रेझिनचा चुरा, तो खाली बसत नाही. असा एक कण तुमच्या २० मायक्रोलिटरमध्ये गेला की तोच तांबं खाऊन बसतो. बाटली आडवी ठेवून रोलरवर सावकाश फिरवा, मण्यांना तेवढं पुरतं.

परत येण्याचं आता. बफर ठेवायला काच वापरू नका. पॉलिप्रॉपिलीनच्या बाटल्या-नळ्या १० टक्के नायट्रिक आम्लात रात्रभर बुडवून, १८.२ मेगाओमच्या पाण्याने खळखळून घ्या. टिपा रंगीत नकोत, रंगद्रव्यांतून धातू येतात. स्टीलचा स्पॅट्युला मिठाच्या बरणीत घालू नका. अ‍ॅस्कॉर्बेट आणि पेरॉक्साइड रेझिनमधून काढायला जाऊ नका: अ‍ॅस्कॉर्बेट तिथेच ऑक्सिडाइज होईल, आणि मण्यावर धरलेले धातू पेरॉक्साइड फोडून ऑक्सिजन सोडतील, बंद नळीत ते धोक्याचं. ही दोन्ही शक्य तितकी शुद्ध विकत घ्या. पेरॉक्साइडमध्ये बहुधा टिकवण्यासाठी स्टॅनेटसारखं काहीतरी घातलेलं असतं, तेव्हा स्टॅबिलायझर नसलेलं मागवा.

आणि चाचणी. याला आयसीपी-एमएस लागत नाही, साधा यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटर पुरतो. गॅरी ब्यूटनर यांनी १९८८ मध्ये ही अ‍ॅस्कॉर्बेट चाचणी मांडली. १७६ मिलिग्रॅम अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल १० मिली पाण्यात, म्हणजे ०.१ मोलर, सोडियम मीठ घेऊ नका, आम्लधर्मी साठा जास्त टिकतो. क्वार्ट्झच्या क्युव्हेटमध्ये पीएच ७.०चा ३ मिली बफर, त्यात ३.७५ मायक्रोलिटर साठा. २६५ नॅनोमीटरला अ‍ॅब्सॉर्बन्स १.८च्या आसपास यायला हवा. १५ मिनिटं बघत राहा. घट ०.५ टक्क्याच्या आत राहिली, म्हणजे ०.००९हून कमी, तर बफर कामाचा. रेझिनवरून न काढलेल्या बफरमध्ये हीच रेघ डोळ्यांदेखत खाली उतरते. ही चाचणी तांब्याला लोखंडापेक्षा कितीतरी जास्त संवेदनशील आहे हे मात्र लक्षात असू द्या. तुमच्या कामात तांबंच मुख्य असल्याने ते सोयीचंच आहे. चाचणीत बसलेला बफर मिळेपर्यंत एकही जेल लावू नका, असा माझा आग्रह राहील. जेल हे या प्रश्नाचं उत्तर द्यायला फार महागडं आणि फार मोघम साधन आहे.

प्लाझ्मिडसाठी डायलिसिस करा, म्हणजे तो अशा पडद्याच्या बॅगेत भरा ज्यातून लहान रेणू बाहेर जातात पण डीएनए आतच राहतो. बॅग आधी १ मोलर सोडियम क्लोराइड असलेल्या, रेझिनवरून काढलेल्या बफरमध्ये: मिठामुळे डीएनएच्या फॉस्फेटवर चिकटलेले धातू सुटतात, आणि ईडीटीएही बाहेर जातं. मग बिनमिठाच्या, चाचणीत उतरलेल्या १० मिलिमोलर फॉस्फेटमध्ये, बाहेरच्या बफरमध्ये चमचाभर धुतलेलं रेझिन ठेवून. मणी बाहेर, प्लाझ्मिड आत, दोघांची गाठ पडत नाही. बाहेरचा बफर बदलत राहा, ईडीटीए एका फेरीत संपत नाही. यात ट्रिसही निघून जातो ते बरंच, तोसुद्धा हायड्रॉक्सिल रॅडिकल शोषतो.

समुद्रमीठ:

मितधातूंनी सगळं इतकं नीट मांडलंय की मी फक्त कॉलमच्या प्रश्नावर लिहितो. समुद्राच्या पाण्यातले अंशमात्र धातू गोळा करायला आम्ही चेलेक्सचाच कॉलम लावतो. पीएच साडेपाचच्या जरासा अलीकडे-पलीकडे ठेवायचा, मग अमोनियम अ‍ॅसिटेटने कॅल्शियम-मॅग्नेशियम धुवून काढायचं आणि शेवटी २.५ मोलर नायट्रिक आम्लाने हवे ते धातू उतरवायचे. कॉलमचा फायदा असा की द्रव सतत ताज्या रेझिनला भेटतो. पण धार सावकाश हवी. घाई केली की धातू नुसता शेजारून निघून जातो. १०० मिली बफरसाठी बॅच पुरेशी आहे, कॉलम म्हणजे जास्त नळ्या, जास्त जोड आणि धातू शिरायला जास्त जागा.

इथे आणखी कोणाला उपयोगी पडेल म्हणून: सॅम्पल तीव्र आम्लात असेल तर चेलेक्सच्या वाटेला जाऊ नका. पीएच २च्या खाली त्याचे गट प्रोटॉनांनी भरलेले असतात आणि धातू धरला जात नाही. तिथे स्ट्राँग-बेस अ‍ॅनायन रेझिन कामाला येतं. तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात लोखंड चार क्लोराइड घेऊन ऋणभारित होतं आणि अ‍ॅनायन रेझिनला चिकटतं. क्राउस आणि मूर यांनी १९५३ मध्ये याच तत्त्वावर एका कॉलममधून ओळीने सहा धातू वेगळे काढून दाखवले: निकेल १२ मोलर आम्लातच सरळ बाहेर, मँगनीज ६ला, कोबाल्ट ४ला, तांबं २.५ला, लोखंड ०.५ला आणि जस्त अगदी ०.००५ मोलरला. हे काचेच्या कॉलममध्ये एकदा तरी डोळ्यांनी बघावं असं आहे. लोखंडाचा पिवळा पट्टा वर चिकटून बसलेला असतो आणि कोबाल्टचा निळा पट्टा खाली सरकत असतो. बाहेर पडलेला निळा थेंब पाण्यात पडला की गुलाबी होतो.

सुपरकॉइल:

सर्वांचे मनापासून आभार. टीईकडे माझं लक्षच गेलं नसतं. रेझिन आधी ७ला आणून, धुवून, रोलरवर ठेवलेला बफर अ‍ॅस्कॉर्बेट चाचणीत उतरला. रेघ जवळपास सपाट. तुलनेसाठी जुना बफर लावला तर त्यात १५ मिनिटांत ठळक उतार दिसला.

प्लाझ्मिडचं डायलिसिस सांगितल्याप्रमाणे केलं. आता ब्लँकमध्ये निक्ड पट्टा तेवढाच आहे जेवढा साठ्यातल्या प्लाझ्मिडमध्ये मुळातच असतो. आणि १० मायक्रोमोलर तांब्याला सुपरकॉइल्ड पट्टा पूर्ण गायब, खाली लांबलचक स्मिअर (लहानमोठ्या तुकड्यांचा पसरट डाग)! १० मायक्रोमोलर आता फारच जास्त ठरतंय, १पासून खाली उतरत जाणार आहे.

एक शेवटचं विचारते. वापरलेलं रेझिन परत वापरता येतं का? आणि पुढे मला एका एन्झाइमसाठी याच बफरमध्ये मॅग्नेशियम क्लोराइड लागणार आहे. त्यातले धातू कसे काढू? रेझिन मॅग्नेशियमही घेईल ना?

मितधातू:

वाचून फार आनंद झाला. १ मायक्रोमोलरच्या खाली उतरताना प्रत्येक नव्या साठ्याची चाचणी करत चला, कारण तिथे पाण्यातला अंशही मोजणीत येतो.

मॅग्नेशियमचं उत्तर सोपं आणि सुंदर आहे. रेझिन आधीच मॅग्नेशियमने भरून टाका. थोडं रेझिन वेगळं काढून त्यावरून मॅग्नेशियम क्लोराइडचं द्रावण भरपूर जाऊ द्या आणि ते द्रावण फेकून द्या. आता सगळ्या जागी मॅग्नेशियम बसलं. त्यानंतर तुमचा खरा साठा त्यावरून काढा. रेझिनला तांबं आणि लोखंड मॅग्नेशियमपेक्षा कितीतरी जास्त प्रिय, त्यामुळे ते धरलं जातं आणि बदल्यात मॅग्नेशियमच सुटतं. साठ्याची तीव्रता तशीच राहते. हे रेझिन याच कामाला राखून ठेवा, बाटलीवर तसं लिहा.

परत वापरायचं तर १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाने धातू उतरवा, पाण्याने धुवा, मग १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड, पुन्हा पाणी, आणि पुन्हा ७ला आणणं. आम्ल आणि अल्कली दोन्ही अल्पधातू दर्जाची घ्या, नाहीतर धुण्यातूनच लोखंड भराल. आम्लात मणी आकसून निम्म्याहून कमी होतात आणि सोडियम मिळालं की पुन्हा फुगतात. त्यामुळे हे काम घट्ट भरलेल्या कॉलममध्ये करू नका: फुगणारं रेझिन अडकून बसतं, धार थांबते, काच तडकू शकते. उघड्या प्लॅस्टिकच्या भांड्यात, चौपट मोकळी जागा ठेवून करा. ईडीटीए असलेल्या द्रावणाला लागलेलं रेझिन मात्र या फेरीत मिसळू नका, ते वेगळंच ठेवा.